जुन्या बिनतारी यंत्रांचा बाजार आणि त्यांतील अस्सल साधनांची पारख

एखादें जुनें दप्तर बाजारांत गेलें म्हणजे त्याची वांटणी कशी होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यावर ठसठशीत शिक्का आहे तें पत्र शौकी संग्राहकाकडे जातें. कोऱ्या पाठीचे बंद रद्दीवाल्याकडे जातात. आणि ज्या रुमालांत तें दप्तर बांधलेलें असतें तो रुमाल, त्यावरील चिठीसह, केरांत जातो. पत्र वांचतें, परंतु तें कोणाच्या घरचें, कोणत्या यादीखालीं व कोणत्या जाबत्यावर ठेविलेलें होतें, हें ज्ञान कायमचें बुडतें. कै. राजवाडे गांवोगांव हिंडून दप्तरें मिळवीत, ती त्यांची धडपड मुख्यतः या शेवटच्या नाशाविरुद्ध होती असें आम्हांस वाटतें.

हाच प्रकार हल्लीं एका निराळ्याच वर्गाच्या साधनांच्या बाबतींत चालू आहे. हीं साधनें म्हणजे हौशी बिनतारी संदेशकारांचीं जुनीं यंत्रें. यंत्र म्हणजे लेख नव्हे, तेव्हां त्याचा विचार या त्रैमासिकांत कशासाठीं, अशी शंका कोणी घेईल. ताम्रपट हा तरी तांब्याचा पत्राच असतो. त्यावर अक्षरें आहेत म्हणून आपण त्यास साधन मानतों. या यंत्रांवरही अक्षरें आहेत, काळाच्या खुणा आहेत, निरनिराळ्या कारागिरांचे हात आहेत. आणि जेथें संग्राहक पैसे मोजतो तेथें बनावट येतेच, त्याप्रमाणें बनावटही आहे.

या वस्तूंचा फार मोठा बाजार अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत भरतो. डेटन हें विमानकर्त्या राईट बंधूंचें गांव. तेथील हौशी बिनतारी मंडळानें इ. स. १९५२ सालीं बिल्टमोर हॉटेलांत एक संमेलन भरविलें, त्यास सहाशेंच्या आसपास मंडळी जमली. हौशी संदेशकारास तिकडे 'हॅम' म्हणतात, त्यावरून या संमेलनास 'हॅमव्हेन्शन' असें जोडनांव पडलें. १९६० नंतरच्या दशकांत तें हारा अरीना या क्रीडागृहांत व त्याच्या आवारांत भरूं लागलें, तें २०१६ पर्यंत तेथेंच भरत होतें. पुढें ती इमारत बंद पडली व २०१९ च्या मे महिन्यांतील वादळानें तिची वाताहत केली. २०१७ पासून संमेलन डेटनजवळच्या झेनिया गांवीं, ग्रीन परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर, मे महिन्यांत शुक्रवार ते रविवार असें भरतें. २०२० व २०२१ या दोन वर्षीं साथीमुळें खंड पडला. अलीकडे येणारांची संख्या तीस हजारांवर जाते.

संमेलनांत व्याख्यानें होतात, नव्या यंत्रांचे कारखानदार आपला माल मांडतात; परंतु त्याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. आपलें लक्ष बाहेरच्या मोकळ्या मैदानाकडे. तेथें क्रमांक घातलेल्या जागा भाड्यानें मिळतात आणि लोक मोटारीचें मागचें दार उघडून, समोर टेबल टाकून, घरांतील अडगळ मांडून बसतात. पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं-रविवारीं हिंडलेल्या माणसास हें दृश्य परकें वाटणार नाहीं. तीच घासाघीस, तीच पहांटेची गर्दी, आणि पाऊस आला कीं तोच चिखल. निर्वात नलिकांचीं हीं जुनीं यंत्रें इतकीं जड असतात कीं हॅम मंडळी त्यांस थट्टेनें 'नावेचा नांगर' म्हणतात. न्यूयॉर्क संस्थानांत जुन्या बिनतारी यंत्रांचा अभ्यास करणारी एक संस्थाही १९५२ सालींच स्थापन झाली, आणि जर्मनींत बोडन सरोवराच्या कांठीं फ्रीड्रिक्सहाफेन येथें १९७६ पासून असेंच संमेलन भरतें. तथापि जुन्या मालाचा ओघ डेटनकडे विशेष.

हौशी संदेशकार म्हणजे नुसता रेडिओ ऐकणारा नव्हे. त्याजपाशीं स्वतःचें प्रेषक यंत्र असतें, तें चालविण्याचा परवाना असतो व परवान्याबरोबर मिळालेलें अक्षर-अंकांचें संकेतनाम असतें. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें या लोकांस २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर हांकलून दिलें. या आखूड लहरी दूरच्या संदेशास निरुपयोगी आहेत असा तेव्हांच्या जाणत्यांचा समज होता. म्हणजे गायरान म्हणून पडीक जमीन द्यावी तसा हा प्रकार. १९२१ च्या डिसेंबरांत पॉल गॉडली यानें स्कॉटलंडांतील आर्ड्रोसन येथें समुद्रकांठीं तंबू ठोकून कनेक्टिकट संस्थानांतील हौशी केंद्राचे संदेश अटलांटिक महासागरापलीकडून ऐकले, आणि १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील लेऑन देलॉय व अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांचें दुतर्फा संभाषण झालें. पडीक जमिनींत सोनें निघालें. जगाचा पुढील अर्धशतकाचा दूरसंदेश ज्या आखूड लहरींवर चालला, त्यांची वाट या पोरासोरांनीं व दुकानदारांनीं तयार केली. म्हणून त्यांच्या हातचीं यंत्रें हीं केवळ गंमतीचीं खेळणीं नव्हत.

मृत संदेशकारास त्या मंडळींत 'मुकी कळ' म्हणतात. कळ म्हणजे मोर्सचे टिंब व रेघ ठोकण्याची कळ. ती मुकी झाली म्हणजे माणूस गेला. महायुद्धानंतर ज्या पिढीनें हा नाद धरला ती पिढी आतां संपत आली आहे. तळघर मोकळें करावयाचें असतें. वारसांस यांतील कांहीं कळत नाहीं. एखादा स्नेही सर्व माल गाडींत भरून मैदानावर नेतो. यंत्रें विकलीं जातात, त्यांतील न चालणारीं सुट्या भागांसाठीं फोडलीं जातात, आणि कागद जागच्या जागीं टाकले जातात. हे कागद कोणते? प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, लहर व समोरच्याचें संकेतनाम नोंदलेली रोजनिशी. अशी रोजनिशी ठेवणें अमेरिकेंत कित्येक दशकें कायद्यानें सक्तीचें होतें. त्याशिवाय जगभरून आलेलीं पोंचपत्रें, यंत्रांत केलेल्या फेरफारांचीं टांचणें, विक्रीच्या पावत्या. मनुष्यानें चाळीस वर्षें रोज रात्रीं कोणाशीं काय बोलणें केलें याची मितीवार नोंद ज्या वहींत आहे ती वही रद्दींत, आणि तिच्या शेजारचा लोखंडी डबा शेंकडों डॉलरांस! पेशवे दप्तरांतील रोजकीर्द टाकून तिच्यावरचें वजन विकावें तशांतलाच हा व्यवहार आहे.

आतां यंत्राचा काळ कसा ठरवावा तें पाहूं. मोडी पत्र हातीं आलें म्हणजे आपण प्रथम कागद, मग वळण, मग शिक्का पाहतों. येथेंही प्रथम नलिकांच्या बैठका पहाव्या. आठ खिळ्यांची, मध्यें कळीचा दांडा असलेली बैठक १९३५ सालीं धातूच्या नलिकांबरोबर आली. ती मूळची असेल तर यंत्र त्यापूर्वीचें असणें शक्य नाहीं. सात खिळ्यांच्या लहान कांचेच्या नलिका १९३९-४० च्या सुमाराच्या व नऊ खिळ्यांच्या त्यानंतरच्या. मग तबकडी. कंप्रतेचें माप पूर्वीं 'किलोसायकल' लिहीत. 'हर्ट्झ' हें नांव १९६० सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें पक्कें केलें व तबकड्यांवर तें त्याहून उशिरां उतरलें. साध्या अमेरिकन रेडिओच्या तबकडीवर ६४० व १२४० या आंकड्यांशीं लहान त्रिकोण असतील तर तो १९५३ ते १९६३ या दशकांतला. कारण हवाई हल्ल्याच्या वेळीं त्या दोनच जागीं सरकारी सूचना मिळेल अशी योजना तेवढीं वर्षें अमलांत होती. हौशी यंत्राच्या तबकडीवर २१ मेगासायकलचा पट्टा आहे कीं नाहीं हेंही पहावें. हा पट्टा १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेनें दिला व अमेरिकन हौशी लोकांस तो १९५२ सालीं खुला झाला.

याहून सूक्ष्म खूण यंत्राच्या पोटांत असते. आवाज कमीजास्त करण्याच्या फिरत्या रोधकाच्या पाठीवर सहा-सात आंकडे ठोकलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे व पुढचे वर्ष-आठवड्याचे. १३७५५४८ असें असेल तर १३७ हा सीटीएस कंपनीचा अंक, आणि तो भाग १९५५ सालच्या अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यांत तयार झाला. अर्थात् यावरून यंत्र त्यानंतर जुळलें एवढेंच निघतें. कागदाच्या जलचिन्हावरून पत्राची मिती ठरवितांना जी सावधगिरी लागते तीच येथें. भाग मागाहून बदललेला नाहीं ना, हें झाळकाम पाहून ठरवावें. मूळ कारखान्याची झाळ आणि दुरुस्ती करणाराची झाळ यांत तेवढाच फरक असतो जेवढा दोन लेखकूंच्या अक्षरांत.

शिक्क्याचें उदाहरण घ्यावयाचें तर आयोवा संस्थानांतील सीडर रॅपिड्स येथील कॉलिन्स कंपनीचें घ्यावें. ऑर्थर कॉलिन्स यानें काढलेल्या या कंपनीच्या १९५८ नंतरच्या 'एस' मालिकेच्या यंत्रांवर आधीं पंखांचा बिल्ला व १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गोल बिल्ला येतो. संग्राहक गोल बिल्ल्यास अधिक किंमत देतात, कारण तें यंत्र उत्तरकालीन व सुधारलेलें समजलें जातें. बिल्ला बदलणें हें पांच मिनिटांचें काम आहे. तेव्हां बिल्ला पाहून न थांबतां अनुक्रमांक व पोटांतील भाग त्याशीं जुळतात कीं नाहीं हें पहावें. शिक्का अस्सल व मजकूर बनावट अशा सनदा आपणांसही पाहण्यांत आहेत. नव्यानें छापलेल्या तबकड्या व नामपट्ट्या तर उघड विकत मिळतात, आणि त्या विकणारे बहुधा प्रामाणिक असतात; लबाडी तिसऱ्या-चवथ्या हातीं शिरते.

आर-३९०ए हें ग्राहक यंत्र याहूनही बोधप्रद आहे. कॉलिन्सनें अमेरिकन सैन्यासाठीं आंखलेलें हें यंत्र १९५० नंतरच्या दशकांत निघालें. वजन अडतीस किलोंच्या आसपास. कंप्रता तबकडीवर नव्हे तर मोटारीच्या मैलमापकासारख्या फिरत्या आंकड्यांत दिसते. तें मोटोरोला, स्ट्युअर्ट-वॉर्नर आदि अनेक कंपन्यांनीं कंत्राटावर तयार केलें. त्याचे आंतले खंड सुटे काढतां येतात व प्रत्येक खंडावर त्याची स्वतःची पट्टी असते. लष्करी कोठारांत दुरुस्तीच्या वेळीं हे खंड सरमिसळ होत. त्यामुळें दर्शनी पट्टीवर एका कंपनीचें नांव आणि आंत चार कंपन्यांचे खंड, हीच सामान्य स्थिति. नवशिका संग्राहक यास भेसळ समजून सर्व खंड एका कंपनीचे जमवितो व आपलें यंत्र 'शुद्ध' झालें म्हणून संतोष पावतो. आमच्या मतें यांत त्यानें यंत्राचा खरा इतिहास पुसून एक काल्पनिक जन्मस्थिति उभी केली. पोथीची कांहीं पानें जीर्ण झाल्यावर पुढच्या पिढीनें तीं नव्या हातानें लिहून घातलीं, तर त्या पोथीचा अभ्यासक नवीं पानें काढून टाकीत नाहीं. याच यंत्रांपैकीं पुष्कळांचे दर्शनी मापक सैन्यानें विक्रीपूर्वीं काढून घेतले, कारण त्यांत रेडियमचा लेप होता. मापकाच्या जागीं असलेलें भोंक हेंही मग साधनच. कोठाराबाहेर तें कोणत्या मार्गानें पडलें तें भोंकावरून कळतें.

परंतु हस्तलिखितांच्या संग्राहकाचें मन ज्या एका वस्तूनें खरोखर द्रवेल ती म्हणजे बीसी-२२१ हा कंप्रतामापक. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें हा फार मोठ्या संख्येनें तयार करविला. १२५ पासून २०,००० किलोसायकलपर्यंत कोणत्याही प्रेषक यंत्राची नेमकी कंप्रता त्यानें पाहतां येते. त्याच्या तबकडीवर कंप्रता लिहिलेली नसते. नुसते अंश असतात. कोणता अंश म्हणजे किती किलोसायकल हें एका वहींत दिलेलें असतें, ती वही त्याच्याच पेटींत राहते. आणि मुख्य गोष्ट ही कीं ती वही त्या एका यंत्रासाठीं, तेंच यंत्र समोर ठेवून, मोजून तयार केलेली असते. वहीवर यंत्राचा अनुक्रमांक असतो. शेजारच्या यंत्राची वही लावली तर आंकडे चुकतात. मैदानावर बिनवहीचीं बीसी-२२१ पडलेलीं असतात आणि त्यांच्यापासून दूर, जुन्या पुस्तकांच्या खोक्यांत, बिनयंत्राच्या वह्या पडलेल्या असतात. एकाच अनुक्रमांकाचीं दोन शकलें, दोन मालकांच्या टेबलांवर. कुलूप एका वाड्यांत व किल्ली दुसऱ्या, असें म्हणावें तर किल्लीवांचून कुलूप फोडतां तरी येतें. येथें तीही सोय नाहीं. १९३५ सालीं निघालेल्या नॅशनल कंपनीच्या एचआरओ या ग्राहक यंत्राचीही थोडीबहुत हीच तऱ्हा: त्याची तबकडी ० ते ५०० अंशांची, आणि अर्थ लावण्याचा आलेख बदलत्या वेटोळ्यांच्या दर्शनी पट्टीवर. महायुद्धांत ब्रिटिशांनीं जर्मनांचे गुप्त संदेश टिपण्यास हीं यंत्रें पुष्कळ वापरलीं.

'हीथकिट' यंत्रांचा विचार थोडा वेगळा. मिशिगन संस्थानांतील बेंटन हार्बर येथील ही कंपनी १९४७ पासून सुट्या भागांचे संच विकूं लागली व १९९२ पर्यंत विकीत राहिली. गिऱ्हाइकानें पुस्तिका समोर घेऊन स्वतः झाळकाम करावयाचें. पुस्तिकेंत प्रत्येक कृतीच्या आधीं एक रिकामा कंस. कृति झाली कीं त्यांत खूण करावयाची. कोणी पेन्सिलीनें खूण करी, कोणी तारीख टाकी, कोणी जेथें चूक झाली तेथें समासांत लिहून ठेवी. पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेंत लेखकाचा शक व गांव मिळतें. येथें तर प्रत्येक ओळीस लेखकाचा हात लागलेला. कारखान्यांतील यंत्र शंभर सारखीं, परंतु हीथकिट एकासारखें दुसरें नाहीं. बाजारांत मात्र हेंच सर्वांत स्वस्त, आणि पुस्तिका शक्य तितकी कोरी असावी असा खरेदीदारांचा आग्रह! याहून उलटी दृष्टि आमच्या पाहण्यांत नाहीं.

जीर्णोद्धाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९५० पूर्वींच्या यंत्रांतील मेणकागदी कंडेन्सर कालांतरानें गळूं लागतात, म्हणजे जी वीज त्यांनीं अडवावयाची ती त्यांतून झिरपते. दोन नलिकांमधला असा एक कंडेन्सर गळका झाला कीं पुढील नलिका भलतीच तापते आणि तिच्या मागोमाग ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून यंत्र चालवावयाचें तर ते बदलणें प्राप्त आहे, यांत वाद नाहीं. वाद रीतीचा. एक पक्ष नवे भाग उघड बसवितो. दुसरा पक्ष जुन्या कंडेन्सरचें मेण वितळवून, आंतील गाभा काढून, त्याच नळकांड्यांत नवा लहान कंडेन्सर घालून पुन्हां मेणानें बुजवितो. वरून पाहणारास सर्व मूळचें दिसतें. हें काम करणाराचें हस्तकौशल्य वाखाणण्यासारखें आहे, आणि जितकें तें कुशल तितकें घातक आहे. जुन्या कागदावर जुन्या शाईनें जुन्या वळणाची नक्कल करणारा कितीही सद्हेतूनें करो, पन्नास वर्षांनीं तिजवर 'नक्कल' असा शेरा नसेल तर ती अस्सल म्हणूनच चालेल. आंतल्या बाजूस बदललेल्या भागांची यादी व तारीख चिकटविण्याची चाल कांहीं सज्जन पाळतात. ही चाल सर्वत्र पडावी.

घांसूनपुसून चकाकी आणण्याच्या हव्यासाविषयीं एवढेंच सांगतों कीं, महायुद्धांतील पुष्कळ अमेरिकन यंत्रांवर बुरशी व दमट हवा यांपासून रक्षण करणारें रोगण देऊन त्यावर 'एमएफपी' असा शिक्का व तारीख मारलेली असते. उष्ण व दमट प्रदेशांतील लढाईसाठीं ही तजवीज होती. हें रोगण पिवळट व चिकट दिसतें म्हणून धुवून काढतात, आणि त्या यंत्राच्या आयुष्यांतील एकुलती एक लिखित मिती गटारांत जाते.

पोंचपत्रांकडे वळूं. संभाषण झाल्याची खूण म्हणून दोन्ही पक्ष एकमेकांस टपालानें कार्ड पाठवितात. त्यास 'क्यूएसएल' म्हणतात. कार्डावर संकेतनाम, मिती, ग्रिनिचची वेळ, लहर, ऐकूं आलेल्या आवाजाची प्रत, आणि बहुतेक वेळां आपलें यंत्र कोणतें व हवाई तार कोणती हें लिहिलेलें असतें. म्हणजे अमुक यंत्र अमुक रात्रीं अमुक ठिकाणीं खरोखर चालत होतें याचा हा समकालीन पुरावा. आवाजाची प्रत तीन अंकांत 'आरएसटी' या पद्धतीनें दिली असेल तर कार्ड १९३४ नंतरचें. हिंदुस्थानचें 'व्हीयू' हें आद्याक्षर १९२९ पासूनचें. त्यापूर्वींच्या हौशी मंडळींचीं संकेतनामें नुसता अंक व दोन अक्षरें अशीं होतीं.

गोव्याच्या अभ्यासकांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. पोर्तुगीज अमदानींत गोवें, दमण व दीव यांचें आद्याक्षर 'सीआर८' असें होतें. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाला आणि हौशी मंडळींच्या देशगणनेंतून 'सीआर८' गोवा १९६१ अखेर वजा झाला. पाँडिचेरी आदि फ्रेंच वसाहतींचा 'एफएन८' हा तसाच १९५४ सालीं गेला. जगांतील संग्राहक या बुडालेल्या देशांचीं कार्डें हौसेनें जपतात. परंतु सावधान: 'सीआर८' हें आद्याक्षर पुढें पोर्तुगीज तिमोरमध्येंही वापरलें गेलें, तेव्हां अक्षरें पाहून गोव्याचें म्हणूं नये, टपालाचा शिक्का व मिती पहावी. व्हिएन्ना येथील बिनतारी दस्तऐवजांच्या संग्रहालयांत अशीं लक्षावधि कार्डें जतन केलेलीं आहेत. ज्यास एखादा गठ्ठा सांपडेल त्यानें तो फोडून सुटीं कार्डें विकण्याआधीं त्यांची मितीवार यादी तरी करावी.

आपल्याकडे हीं जुनीं यंत्रें इतकीं विरळा कां, याचें कारण बरेंचसें कायद्यांत आहे. १९३३ च्या हिंदुस्थानच्या बिनतारी कायद्यानें यंत्र चालविणेंच नव्हे, तर परवान्याशिवाय तें जवळ बाळगणें हाही गुन्हा ठरला. दुसरें महायुद्ध सुरू होतांच हौशी परवाने बंद होऊन प्रेषक यंत्रें सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले. परवाना गेल्यावर जवळ राहिलेलें यंत्र म्हणजे घरांत ठेवलेला गुन्हा; मग तें मोडून टाकण्याकडे कल होणें स्वाभाविक. या कचाट्यांतून निसटलेल्या ज्ञानाचें सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे १९४२ चा मुंबईचा काँग्रेस रेडिओ. कु. उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई प्रभृतींनीं चालविलेल्या या गुप्त केंद्राचें यंत्र नरिमन प्रिंटर यांनीं तयार केलें; ते मूळचे हौशी बिनतारीवाले. ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरच्या धाडीपर्यंत तें केंद्र जागा बदलीत बोलत होतें. धाडींत यंत्र गेलें. खटल्यांत उषाबेनांस चार वर्षांची शिक्षा झाली. बोललेले शब्द मात्र राहिले, कारण पोलिसांनींच ते टिपून घेतले होते. तीं टांचणें उषा ठक्कर यांनीं २०२१ सालीं ग्रंथरूपानें पुढें आणिलीं. शत्रूच्या दप्तरांत आपला इतिहास सुरक्षित राहावा, ही गोष्ट इंग्रजांच्या वखारींचीं कागदपत्रें वाचणारांस नवी नाहीं.

आतां यंत्र हें साधन कसें, तें येथें प्रत्यक्ष पहा. केंद्राच्या घोषणेंत व सहभागी मंडळींच्या आठवणींत लहर ४२.३४ मीटर अशी येते. हौशी संदेशकारांच्या लिखाणांत त्याच केंद्राची कंप्रता ७.१२ मेगासायकल अशी आढळते. गणित केलें तर ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८ मेगासायकल, आणि ७.१२ मेगासायकल म्हणजे ४२.१ मीटर. हे दोन आंकडे एक नव्हत; मध्यें सुमारें चाळीस किलोसायकलांचें अंतर आहे. जें प्रेषक यंत्र स्फटिकानें जखडलेलें नसतें तें तापतां तापतां थोडें सरकतें. पण घोषणा चवथ्या अंकापर्यंत नेमकी होती हें ध्यानांत घेतां आम्ही मीटरांचा आंकडा समकालीन म्हणून ग्राह्य धरतों व मेगासायकलचा आंकडा पुढें स्मरणानें अगर ठोकळ मानानें आलेला समजतों. यंत्रांत स्फटिक होता काय व त्याच्या धारकावर कोणता आंकडा कोरलेला होता, एवढ्या एका ओळीनें हा वाद मिटला असता. अशा ओळी जुन्या यंत्रांत सर्वत्र पडून आहेत, आणि धारक उघडून आंतील स्फटिक घासून नव्या कंप्रतेवर आणण्याचा उद्योग हौशी मंडळींनीं महायुद्धानंतर सर्रास केला, हेंही लक्षांत ठेवावें. धारकावरचा आंकडा आणि आंतला स्फटिक जुळतोच असें नाहीं.

ज्यांस डेटनसारख्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत असें एखादें यंत्र मिळेल त्यांनीं तें हलविण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, विकणाराकडून पूर्वींच्या मालकाचें संकेतनाम विचारून लिहून ठेवावें, आणि बरोबर वही, पुस्तिका, चिठ्या जें असेल तें वेगळ्या किंमतीस का होईना पण त्याच वेळीं घ्यावें. यंत्र भिंतीच्या विजेस एकदम जोडूं नये. अमेरिकन यंत्र ११७ व्होल्टांचें, आपली वीज २३० व्होल्टांची, आणि प्रेषक यंत्राच्या आंतील दाब हजार व्होल्टांवर जाऊन वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत राहतो. आणि घरीं परततां आपल्याच माळ्यावरील जुन्या कागदांत एकदां पहावें. रेडिओ ऐकण्याचा सरकारी परवाना टपाल कचेरींत दरसाल नवा करावा लागे. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकांत रद्द झाली. त्या परवान्याच्या लहान पुस्तिका, मालकाचें नांव, पत्ता व वर्षोवर्षींच्या फीचीं तिकिटें यांसह, अद्याप कित्येक घरीं रेशनकार्डांच्या व विम्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यांत सांपडतात.